वकीलसाहेबांच्या वतीनं

संपादकांचं पत्र आलं. 'तुम्ही एका आमदाराजवळ बरीच वर्षं काढलीत, तेव्हा दिवाळी अंकासाठी पडद्यामागच्या गोष्टी लिहा.' पडदा बिडदा काही नव्हता हो. जिंतुरात साहेबांच्या बैठकीत एक जाजम होतं, एक टेबल होतं आणि टेबलामागं मी होतो. येणाराजाणारा मला बघायचा आणि विचारायचा, "साहेब हायत का?" मी म्हणजे दारावरची कडी. वाजवायची आणि आत जायचं.

आमदार म्हणजे आमचे वकीलसाहेब. नाव लिहीत नाही. ते गेले, त्यांची मुलंबाळं चांगली आहेत, आणि या वयात कुणाच्या नातवानं दारात येऊन जाब विचारावा अशी माझी इच्छा नाही. माझं नाव नरहरी. आईवडील लहानपणीच गेले, सेलूला मामाकडं वाढलो. निजामाचं राज्य, त्यामुळं शिक्षण उर्दूतनं झालं. मोडी मामानं शिकवली आणि बाळबोध मी आपली आपण गिरवली. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, कचेऱ्यांत हळूहळू मराठी यायला लागली. तेव्हा तिन्ही लिप्या सुवाच्य लिहिणारा माणूस लोक शोधत फिरायचे. वकीलसाहेबांनी मला त्यासाठीच ठेवलं. राहायला बैठकीमागची खोली दिली. लग्न जमवायला माझ्या बाजूनं कुणी नव्हतं, आणि मी स्वतः होऊन कुणाला म्हटलं नाही. राहून गेलं ते राहूनच गेलं.

आता माझं काम काय होतं ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं आमदाराचा कारकून म्हणजे अर्ज लिहिणारा. अर्ज तर कुणीही लिहील. माझं खरं काम पाठिंब्याचं.

निवडणूक आली की उमेदवाराचं एक पत्रक छापावं लागतं. वर त्याचं नाव ठळक, आणि खाली 'पुढील संस्थांचा जाहीर पाठिंबा' म्हणून यादी. अमका संघ, तमकं मंडळ. सात-आठ नावं असली की पत्रक भारदस्त दिसतं. दोन-तीनच असली की वाचणारा म्हणतो, बिचाऱ्याला कुणी नाही वाटतं. ही नावं आकाशातून पडत नसतात. प्रत्येक संस्थेच्या काही मागण्या असतात. त्या मागण्यांचं पत्र साहेबांना यावं लागतं, साहेबांनी त्याला आश्वासनाचं उत्तर द्यावं लागतं, आणि मग संस्था पाठिंब्याचा ठराव करते. तीन कागद. आता गंमत बघा. संस्थावाल्यांना लिहिता यायचं नाही, साहेबांना वेळ नसायचा. म्हणून मागणीचं पत्र मी लिहायचो, उत्तर मी लिहायचो आणि ठरावही मीच लिहायचो. मागणारा मी, देणारा मी, आणि 'आपले आभारी आहोत' म्हणणाराही मीच.

या कामात एक कसब लागतं, आणि ते माझ्याकडं होतं हे मी सांगणार, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. एकदा दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष आले. निवृत्त हेडमास्तर, टोपी अशी कडक की तिच्यावर दिवा ठेवावा. ते पुढच्या बैठकीत बसलेले असतानाच मागच्या दारानं शिंदीवाले आले, म्हणजे शिंदीची झाडं छेदून शिंदी विकणारे. त्यांचाही संघ झालेला होता. साहेब मला आतल्या खोलीत म्हणाले, "नरहरी, दोघंही पाहिजेत." मी दोन पत्रं लिहिली. हेडमास्तरांना लिहिलं की व्यसनमुक्त समाज हे साहेबांचं आयुष्यभराचं ध्येय आहे. शिंदीवाल्यांना लिहिलं की पिढीजात धंद्यावर पोट असलेल्या माणसाला देशोधडीला लागू देणार नाही. दोन्ही पत्रं वाचा, एकात दुसऱ्याविरुद्ध एक अक्षर सापडणार नाही. हेडमास्तर पुढच्या दारानं गेले, शिंदीवाले मागच्या दारानं गेले, आणि पत्रकात दोघांची नावं एकाखाली एक छापली गेली. छापखाना सेलूला होता. तिथला कंपोझिटर मला म्हणाला, "नरहरराव, ह्या दोघांच्या मधी एखादी रेघ तरी टाकू का?"

हसलो होतो आम्ही. तेव्हा मला या कसबाची लाज वाटत नव्हती. वाटायचं, वकील पक्षकारासाठी बोलतो, तसं आपण साहेबांसाठी लिहितो. पण दिवसभर दहा जणांच्या वतीनं 'आम्ही' लिहून झालं की संध्याकाळी खोलीत आल्यावर 'मी' म्हणायला कुणी समोर नसायचं. सणाला साहेबांच्या घरून ताट यायचं, नीट झाकून. पुरणपोळी गरम असायची, तूप असायचं, घरच्या माऊलींनी कधी हात आखडता घेतला नाही. पंगतीला या मात्र कुणी म्हटलं नाही. मी खाटेवर बसून जेवायचो, ताट घासून परत द्यायचो. चार माणसांचा आवाज भिंतीपलीकडून ऐकत जेवणं फार वाईट. उपास बरा.

तर ही गोष्ट मेंढपाळ मंडळाची.

पहिल्या मोठ्या निवडणुकीची धामधूम होती. साहेबांनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं की चारठाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेनं, धनगरांच्या सहा-सात वाड्या आहेत. एकगठ्ठा मतं. त्यांचा पाठिंबा आण. मी विचारलं, "त्यांची संस्था कोणती?" साहेब म्हणाले, "नसेल तर कर. संस्थेशिवाय पत्रकात कसं बसवणार?" मी जाता जाता बैलगाडीतच नाव ठरवलं. मेंढपाळ मंडळ.

वाड्यांमध्ये धुळबा म्हणून म्हातारा होता, त्याचा शब्द सगळे मानायचे. उंच, सुकलेला, खांद्यावर घोंगडी, आणि बोलताना माणसाच्या तोंडाकडं न बघता मेंढरांकडं बघायची सवय. मी म्हटलं, "मामा, तुमचं मंडळ करायचंय."

"मंडळ म्हंजी काय?"

"म्हणजे तुम्ही सगळे मिळून एक."

"ते तर हावच की," धुळबा म्हणाला. "त्याला तुमी जिंतूरहून कामून आलाव?"

मग मी मागणी विचारली. सगळ्या संस्थांना दहा-बारा मागण्या असतात. यांची एकच होती. गावाचं गायरान चरायला राहावं, त्याला नांगर लागू नये. मी म्हटलं, तुमची मेंढरं तर वर्षातले आठ महिने बाहेर मुलखात असतात, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी बसवता, मग गायरान कशाला एवढं? त्यानं मला असं समजावून सांगितलं की मी पुन्हा कधी विसरलो नाही. "पावसाळ्यात समदी रानं पेरलेली आस्तेत. कुनाच्या वावरात पाय ठिवता येत न्हाई. ते चार महिने मेंढरू कुठं उभं ऱ्हाईल? त्या माळावर. माळ गेला की मेंढरं गेली, न्हाईतर आमी गाव सोडून गेलो. तिसरं काई न्हाई."

मी कागद काढला. मागणी लिहिली, आश्वासन लिहिलं, वाचून दाखवलं. धुळबानं पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "चांगलं लिवलंय. आता हे ठिवून द्या. कागूद आमी सावकाराला देताव. मानसाला भंडारा देताव."

भंडारा म्हणजे देवापुढची हळद. त्यांच्यात शब्द द्यायचा तो असा. ताटलीत भंडारा ठेवायचा, देवाचं नाव घेऊन मुठीत उचलायचा, शब्द बोलायचा आणि कपाळाला लावायचा. दोन्ही बाजूंनी उचलायचा असतो. त्यांनी उचलून मतांचा शब्द द्यायचा, साहेबांनी उचलून गायरानाचा. एकदा उचलला की कागद नको, साक्षीदार नको.

अडचण एवढीच होती की साहेब त्या दिवशी सेलूला व्यापाऱ्यांच्या जेवणाला गेलेले. त्यांचा प्रचारदौरा आटपून त्यांना इकडं आणायचं म्हणजे आठ दिवस, आणि छापखान्यात पत्रक अडकलेलं. मी म्हटलं, "मामा, साहेबांच्या वतीनं मी उचलतो."

"वतीनं म्हंजी?"

"म्हणजे त्यांच्याऐवजी."

धुळबानं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. "भंडारा कुनाच्या ऐवजी उचलत न्हाईत, लेकरा. जो उचलील त्याचाच तो. इचार कर."

मी म्हटलं, "केला."

"आजून कर. साहेब न्हाई, तू. तुझा सबूद. आमी साहेबाला वळखत न्हाई, तुला बी आजच बघितलं. पर तू उचलला तर आमी तुला धरून चालू."

आता तुम्ही म्हणाल, एवढा शहाणा कारकून, दोन्ही दारांनी माणसं घालवणारा, त्याला कळलं नाही का? कळलं. चांगलं कळलं. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणत होतं की साहेबांचा नको, तुझा शब्द पाहिजे. मला त्याची भूक होती हे खरं कारण. पत्रक, छापखाना, ही सगळी सबब. मी मूठभर भंडारा उचलला आणि म्हणालो, "गायरान चरायलाच राहील, नांगर लागणार नाही." कपाळाला लावला. मग धुळबानं उचलला, मग प्रत्येक वाडीच्या एकेका माणसानं. गाडीत बसल्यावर वाटेतल्या ओढ्यावर मी तोंड धुवायला उतरलो आणि कपाळ तेवढं कोरडं ठेवून परत आलो.

त्यांनी शब्द पाळला. तेव्हा दर उमेदवाराची पेटी वेगळी असायची; पेट्या उघडल्या तेव्हा त्या वाड्यांची मतं साहेबांच्या पेटीत होती. साहेब असेंब्लीत निवडून गेले, हैद्राबादला जायला-यायला लागले, आणि मला अधूनमधून मोकळे दिवस मिळायला लागले. मी चारठाण्याकडं जायला लागलो.

तिथं माझं काहीच काम नसायचं. नुसता जायचो. धुळबाची बायको सोनाबाई मला बघितलं की म्हणायची, "आलं बगा आपलं मंडळ." घोंगडी अंथरायची. भाकरी, लसणाची चटणी आणि बकरीच्या दुधाचा चहा, ज्याचा वास मला पहिल्यांदा सहन झाला नाही आणि नंतर त्याच्याशिवाय करमेना. धुळबा मला 'नरहरी' म्हणायचा. साहेब पण नरहरीच म्हणायचे, पण ते हाक मारायचे ती काम सांगायला. हा म्हातारा नुसती हाक मारायचा आणि पुढं काही बोलायचाच नाही. मी विचारायचो, "काय मामा?" तर म्हणायचा, "काई न्हाई. हायस का बघितलं." त्यांच्यातल्या एका लग्नात मला वऱ्हाडात बसवलं, अक्षता दिल्या. पंगतीत मधोमध बसवलं. त्या जेवणाचं काय सांगू, मला घासच उतरेना. सोनाबाई म्हणाली, "तिखाट झालं का?" मी म्हटलं हो.

अशी दोन-तीन वर्षं बरी गेली. माझ्या आयुष्यातली तीच बरी म्हणायची.

मग शेतकरी संघ आला. त्याच गावची शाखा. अध्यक्ष गावचे मोठे जमीनदार, आणि बरोबर आठ-दहा अल्पभूधारक. त्यांची मागणी होती की गायरान लावणीला काढावं, म्हणजे कसायला वाटून द्यावं. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. त्या अल्पभूधारकांत एकाच्या अंगावर सदरा असा होता की तो बसताना पाठ भिंतीला लावून बसायचा. धान्य वाढवा असं सरकारच सांगत होतं. मागणी चुकीची नव्हती, तेवढं गायरान सोडून दुसरी पडीक जमीन होती एवढंच, आणि ती अध्यक्षांच्या बांधाला लागून नव्हती. संघ तालुकाभर पसरलेला, सगळीकडं शाखा. पुढच्या निवडणुकीत त्याचं नाव पत्रकात पहिलं लागणार हे मलाही दिसत होतं.

साहेब मला म्हणाले, "तहसीलदारांना शिफारस लिही."

मी दौत पुढं ओढली नाही. म्हटलं, "साहेब, तिथं आपला शब्द गेलेला आहे."

"कागद दाखव."

"कागद नाही. भंडारा उचललाय."

"कुणी?"

"मी."

साहेब रागावले नाहीत. ते कधीच रागवायचे नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो. चष्मा काढून पुसत म्हणाले, "मग तुझा शब्द गेला, नरहरी. माझा कुठं गेला?"

वकीलसाहेब आणि धुळबा एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण या एका मुद्द्यावर दोघांचं पूर्ण एकमत होतं. मी शिफारस लिहिली. सुवाच्य लिहिली.

धुळबानं हरकतीचा अर्ज दिला. गावच्याच कुणा लिहिणाऱ्याकडून लिहून घेतला, माझ्याकडं आला नाही. मला अडचणीत घालायचं नव्हतं त्याला, हे मला मागाहून समजलं. अर्जात लिहिलं होतं, 'निवडणुकीच्या वेळी आमदारसाहेबांतर्फे शब्द मिळाला होता.' तहसीलदारांनी सुनावणी ठेवली आणि साहेबांनी आपल्या वतीनं मला हजर राहायला सांगितलं. "काही बोलू नकोस. विचारलंच तर म्हणायचं, आमच्याकडं नोंद नाही."

त्या दिवशी सकाळी मी दाढी केली, धुतलेला कोट घातला आणि ठरवलं. उठून सांगायचं. शब्द दिला होता, मी दिला होता. नोकरी जाईल, खोली जाईल, सेलूला जाऊन मामाच्या दुकानात बसू. खोलीला कुलूप लावताना मला हलकं वाटत होतं, खोटं नाही सांगत.

तहसीलदार हैद्राबादचे, खानदानी माणूस, बोलणं गोड. शेतकरी संघाचं ऐकून घेतलं, मग धुळबाला पुढं बोलावलं. "आइये बाबा. बैठो." धुळबा बसला नाही. तहसीलदार मोडक्या मराठीत म्हणाले, "बाबा, तुमच्या दरखास्तीत शब्दाची बात आहे. हे बघा, आमदारसाहेबांच्या तर्फे असा शब्द खरंच दिलेला असेल, आणि देणारा इथं सांगत असेल, तर मी लावणी थांबवतो. कागद वापस त्यांच्याकडं पाठवतो, या साली तरी नांगर लागणार नाही. पण कोणी दिला शब्द? तो माणूस कचेरीत आहे?"

धुळबानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी भिंतीशी बाकावर बसलो होतो, सहा-सात हातांवर. जमीनदार अध्यक्ष माझ्या शेजारी. मी मनात म्हटलं, मामा, नाव घ्या. तुम्ही नुसतं 'नरहरी' म्हणा, मी लगेच उठतो. माझे पाय तयार होते. पण त्यानं नाव घ्यावं मग मी उठावं, असं मी धरून बसलो. आणि तो बघत राहिला. रागानं नाही. वाडीवर हाक मारून पुढं काही न बोलता बघायचा ना, तसंच. कचेरीचा कारकून, पेशकार, खोकला. अध्यक्षांनी पान तोंडात इकडून तिकडं केलं.

मी उठलो नाही.

धुळबानं मान परत वळवली. "न्हाई साहेब. सबूद कुनी दिला न्हाई. आमीच तसं समजून घेतलं."

तहसीलदारांनाही ते पटलं नसावं. त्यांनी दोनदा विचारलं. तो दोनदा तेच म्हणाला. मग त्यांनी जबानी लिहून घ्यायला सांगितलं. पेशकार जुना, उर्दूतला, त्याला बाळबोध लिहायला जड जायचं. कचेरीत नवा हुकूम आलेला की मराठीत लिहा. तहसीलदार माझ्याकडं वळून म्हणाले, "मुन्शीजी, तुमचं अक्षर चांगलं आहे. जरा मदत करा."

मी उठलो. त्या कामाला उठलो. लिहिलं, 'मला अगर आमच्या पैकी कोणासही आमदारसाहेबांतर्फे कोणीही शब्द दिलेला नाही.' खाली 'वाचून दाखवलं' असं लिहावं लागतं, म्हणून वाचून दाखवलं. धुळबाचा अंगठा मी शाईत बुडवला आणि मीच कागदावर टेकवला. त्याचं बोट थंड होतं.

बाहेर कडुनिंबाखाली मी त्याला गाठलं. म्हटलं, "मामा, माझं नाव का नाही घेतलं? घेतलं असतं तर मी कबूल होतो."

तो चपलेतला खडा काढत होता. म्हणाला, "आमी नाव घ्यायचं नसतंय. उचललेल्या मानसानं आपून उठायचं आस्तंय. वडून उठिवला तर तो भंडारा कशाचा?" मग चप्पल घालून म्हणाला, "तुला पोट हाय. समजतंय मला. लय जिवाला लावून घिऊ नगस."

त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. हात जोडून सांगतो, शिव्या बऱ्या. माणूस शिव्या देतो म्हणजे अजून काही अपेक्षा असते.

त्या सालीच गायरानात नांगर फिरला. बऱ्यापैकी जमीन अध्यक्षांच्या भावकीच्या नावावर गेली, थोडी त्या भिंतीला पाठ लावून बसणाऱ्याच्या वाट्याला आली. त्यानं करडई केली होती, पिवळीधमक. वाड्यांपैकी दोन उठून दुसऱ्या मुलखात गेल्या. धुळबानं निम्मी मेंढरं विकली आणि पोरं सेलूच्या कापसाच्या जिनिंगवर कामाला घातली. हे मला येणाऱ्याजाणाऱ्यांकडून कळायचं. मी तिकडं गेलो नाही. मोकळ्या दिवशी खोलीत पडून राहायचो. बकरीच्या दुधाचा चहा जिंतुरात कुठं मिळत नाही असं नाही, पण मागावासा वाटला नाही.

पुढं हैद्राबाद राज्य मोडलं, आपण मुंबई राज्यात आलो, आणि नवी निवडणूक लागली. साहेबांनी पत्रकाची यादी काढायला सांगितली. शेतकरी संघ, दारूबंदी मंडळ, शिंदीवाले, शिक्षक, सगळे. यादी बघून साहेब म्हणाले, "मेंढपाळ मंडळ कुठं गेलं? मागं होतं ना? त्यांचा घेऊन ये. शेतकऱ्यांबरोबर मेंढपाळही आहेत म्हटल्यावर वजन येतं."

मी म्हटलं, "ते देणार नाहीत."

"विचारायला काय जातंय?" साहेब म्हणाले.

मी गेलो. नाही म्हणायची माझी ताकद त्या कचेरीतच संपली होती. वाटेत मी मनाशी सगळं बोललो. धुळबा हाकलून देईल. सोनाबाई तोंड फिरवील. पोरं अंगावर येतील. काय वाट्टेल ते होऊ दे, आपण पायावर डोकं ठेवू, आणि मग बघू. खरं सांगायचं तर मी पाठिंबा मागायला चाललोच नव्हतो. मी शिव्या खायला चाललो होतो.

त्यांनी मला हाकललं नाही. सोनाबाईनं पाणी दिलं. घोंगडी अंथरली नाही, एक पोतं होतं ते पुढं सरकवलं. धुळबा पार थकला होता. डोळ्यांनी कमी दिसायचं. मी जवळ बसून म्हटलं, "मामा, मी नरहरी."

"हां, या," तो म्हणाला. "काय काम काढलं, साहेब?"

साहेब. आमच्या टेबलापाशी मला कुणी साहेब म्हणायचं नाही. इथं म्हणाला.

शेवटी त्यानंच विचारलं, "विलेक्शन हाय का?"

मी म्हटलं, "हो. पाठिंबा मागायला पाठवलंय. तुम्ही नाही म्हणा, मामा. मी जाऊन सांगतो, नाही म्हणाले."

"न्हाई कशाला म्हनायचं? कागूद आणलाव का?"

"मामा, भंडारा..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"भंडारा नगं," तो शांतपणे म्हणाला. "कागूदच बरा."

त्यानं पोरांना हाका मारल्या. जे घरी होते ते एकेक करून आले. मी ठराव लिहिलेला होता, नेहमीसारखा, 'आमच्या हिताची सदैव काळजी वाहणारे' वगैरे. मी म्हटलं, "आधी वाचून दाखवतो."

"वाचू नका," धुळबा म्हणाला. "तुमच्या कामाचा हाय तो. आमच्या न्हाई."

त्यानं अंगठा पुढं केला. मी शाई लावली. त्याच्यामागून सगळ्यांनी केले. मागणी एकही नव्हती, आश्वासन कुणी मागितलं नाही, काय लिहिलंय तेही कुणी विचारलं नाही. अर्ध्या तासात मी परत गाडीत होतो. साहेबांनी अंगठ्यांची रांग बघितली आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "कमाल केलीस, नरहरी." ते नाव त्यांनी शेतकरी संघाच्या वर छापायला लावलं.

पुढं पुष्कळ वर्षं मी हे काम केलं. माणसं अडून बसायची, भांडायची, पत्रं परत पाठवायची, चार चार खेपा घालायला लावायची. इतका सोपा पाठिंबा मला जन्मात दुसरा मिळाला नाही.